पाठदुखीची गोळी ‘गरज पडेल तेव्हा’ घ्यायची, पण ती गरज ठरवायची कशावरून?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. कंबरेच्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मला दाहशामक वेदनाशामक गोळी ‘गरज पडेल तेव्हा’ घेण्यास सांगितली आहे. रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी वेळोवेळी होते, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही आणि दुखण्यामागे गंभीर आजार नाही, हे त्यांनी नीट पाहिले आहे. त्यामुळे कोणते औषध घ्यावे, हा माझा प्रश्न नाही. ‘गरज’ या शब्दात नेमके काय येते, हे मला समजून घ्यायचे आहे.

त्यांच्याच सूचनेवरून मी एक वही ठेवते. दुखणे शून्य ते दहा या मापात किती होते आणि गोळी घेतली की नाही, एवढेच त्यात लिहिते. ती वही सलग वाचली तेव्हा असे दिसले की हे दोन रकाने एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. दुखणे सातावर असताना गोळी न घेतलेले दिवस आहेत आणि चारावर असताना घेतलेलेही आहेत. आठवून पाहिले, तर चाराच्या दिवशी लांबचा प्रवास होता, किंवा आदली रात्र कूस बदलण्यात गेली होती, किंवा जिथून मध्येच उठता येणार नाही अशी बैठक होती. साताच्या दिवशी मी घरी होते, हवे तेव्हा आडवे होता येत होते आणि कोणासमोर ताठ बसून राहायचे नव्हते. शिवाय ‘पुन्हा गोळी घेतलीस?’ हा प्रश्न नको म्हणून टाळलेले दिवस आहेत आणि पाकीट हाताशी नव्हते म्हणून तसेच काढलेले दिवसही आहेत.

इतरांचाही अनुभव असाच आहे का? रोजच्या जगण्यातील या कारणांचा औषध घेण्यावर जो परिणाम होतो, त्याविषयी जाणकारांनी लिहावे. त्यांपैकी कोणती कारणे रास्त मानावीत आणि कोणत्या कारणांनी गोळी घेणे टाळावे, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे.

तळटीप

मी औषधनिर्माता आहे. वेदनाशामक औषधे घेणाऱ्यांशी माझे रोज बोलणे होते, त्यामुळे आपल्या वहीत जे दिसले त्याचे मला नवल वाटत नाही. दुखण्याचा आकडा आणि गोळ्यांचा आकडा यांची गाठ सैल असते, कारण आकडा फक्त तीव्रता सांगतो. त्या तीव्रतेसह दिवस निभावता येईल की नाही, हे तो सांगत नाही. गोळी घेण्याचा निर्णय बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर होतो.

मात्र या निर्णयात आणखी एक गोष्ट शिरते, ती म्हणजे गोळीने किती वेळात काम करावे याविषयीची अपेक्षा. आयब्युप्रोफेन या दाहशामकाच्या साध्या गोळीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. डायक्लोफेनॅक या दुसऱ्या दाहशामकाच्या ज्या गोळ्यांवर जठरात न विरघळणारे आवरण असते, त्या आतड्यात पोहोचल्यावरच विरघळतात, आणि जेवणानंतर घेतल्यास त्यांना आणखी उशीर होतो. गोळी घेऊन माणूस आडवा होतो आणि दहा मिनिटांत बरे वाटू लागते, तेव्हा तो आराम औषधाचा नसतो. पाठीवरचा भार कमी झाल्याचा आणि ‘आता काहीतरी केले’ या दिलाशाचा असतो. याउलट ज्याला आडवे होता येत नाही, तो अर्ध्या तासात अधीर होतो आणि दुसरी गोळी घेतो. पहिलीचा परिणाम सुरू होण्याआधीच दुसरी पोटात गेलेली असते. माझ्या मते जादा मात्रा जाण्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

आपल्याला ‘दुखणे टिपेला पोहोचले की गोळी’ अशी सवय असेल, तर त्यातील फसगतही लक्षात घ्यावी. पाठीचे दुखणे मुळातच चढते आणि उतरते. ते सर्वांत वर असताना घेतलेल्या कोणत्याही उपायानंतर ते खाली येण्याचीच शक्यता जास्त असते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात अचानक सुरू झालेल्या कंबरदुखीच्या सोळाशेहून अधिक रुग्णांना तीन गटांत विभागले होते: नियमित पॅरासिटामॉल, गरजेनुसार पॅरासिटामॉल आणि औषध नसलेली नकली गोळी. बरे होण्यास लागलेला मध्यक काळ (निम्मे रुग्ण जितक्या दिवसांत बरे झाले तो) पहिल्या दोन गटांत १७ दिवस आणि तिसऱ्यात १६ दिवस होता. म्हणजे ज्यांना पॅरासिटामॉलने बरे केले असे मनापासून वाटले, त्यांच्यापैकी पुष्कळ जण काळाने बरे झाले होते. हा निष्कर्ष एका औषधापुरता आणि नव्याने सुरू झालेल्या दुखण्यापुरता आहे, हे आवर्जून सांगतो. दाहशामक औषधांचा पाठदुखीत थोडा का होईना, खरा उपयोग होतो.

आता ज्या कारणांनी गोळी घेऊ नये, त्यांविषयी. एकाच घटकाची दोन वेगळ्या नावांची औषधे घरात असणे ही फार साधी गोष्ट आहे. सर्दीतापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असते, आणि पाठदुखीसाठीच्या काही मिश्र गोळ्यांत दाहशामकासोबत पुन्हा पॅरासिटामॉलच असते. निरोगी प्रौढासाठी त्याची दिवसभराची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरली जाते. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल, तर ती मर्यादा आणखी खाली येते. त्याचप्रमाणे दोन दाहशामके एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही. जठरातील व्रण, रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण हे धोके मात्र वाढतात. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणारी गोळी आणि दाहशामक ही तिन्ही एकत्र आली, तर मूत्रपिंड अचानक कोलमडू शकते. उलट्या, जुलाब किंवा कडक उन्हामुळे शरीरातील पाणी कमी झालेल्या दिवशी हा धोका विशेष असतो. त्या दिवशी दुखणे कितीही असले, तरी स्वतःच्या निर्णयाने दाहशामक घेऊ नये. हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू असेल, तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात अडथळा आणू शकते. म्हणून ते आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

उत्तररात्र

मला कित्येक वर्षांपासून कंबरदुखी आहे. वर औषधाच्या बाजूने पुरेसे लिहिले गेले आहे, म्हणून मी झोपेविषयी आणि संकोचाविषयी लिहिते. या दोन गोष्टींनी माझ्या गोळ्यांचे प्रमाण जितके ठरवले, तितके दुखण्यानेही ठरवले नसावे.

रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशी तीच पाठ अधिक दुखते. हा मनाचा खेळ नाही. झोप तुटली की वेदना दाबून ठेवणारी मेंदूची यंत्रणा ढिली पडते, हे प्रयोगांत दिसले आहे. लोकांच्या दीर्घकाळच्या नोंदी पाहणाऱ्या अभ्यासांतही असे आढळते की वेदनेमुळे झोप बिघडण्यापेक्षा झोपेमुळे वेदना बिघडण्याचा धागा जास्त भक्कम असतो. तेव्हा सकाळी घेतलेली गोळी बऱ्याचदा रात्रीची भरपाई असते. ही गोष्ट समजल्यावर मी डॉक्टरांशी बोलताना दुखण्याआधी झोपेची तक्रार सांगू लागले, आणि उपचाराची दिशा तेव्हा बदलली. आपल्या वहीत झोपेचा रकाना नसेल, तर तो सर्वांत आधी आखा.

संकोचाविषयी मात्र मला थोडे ठामपणे लिहायचे आहे. गोळी कमी घेणे म्हणजे चांगले आणि जास्त घेणे म्हणजे वाईट, असा एक नैतिक तराजू आपल्या मनात असतो आणि घरातील माणसे नकळत त्यात आणखी वजन टाकतात. ‘सहन करायला शिक’, ‘सवय लागेल’, ‘मूत्रपिंडे जातील’ ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. पण त्यांचा परिणाम असा होतो की माणूस गोळी लपून घेतो, किंवा न घेता दिवसभर अंथरुणात राहतो. पाठदुखीत दुसरा पर्याय अधिक नुकसान करतो, कारण दीर्घकाळ पडून राहिल्याने पाठ बरी होत नाही. स्नायू दुबळे होतात आणि हालचालीची भीती वाढते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत राहून घेतलेली गोळी जर आपल्याला चालायला, व्यायाम करायला, कामावर जायला मोकळे करत असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. लपवण्याने आणखी एक हानी होते: डॉक्टरांपर्यंत खरा आकडा पोहोचत नाही, आणि अपुऱ्या माहितीवर ते पुढचा निर्णय घेतात.

‘सवय लागेल’ या भीतीचेही थोडे विवेचन हवे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनचे अफूवर्गीय औषधांसारखे व्यसन लागत नाही. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल यांसारख्या अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत मात्र शरीर औषधावर अवलंबून राहण्याचा धोका खरा आहे, आणि ती एकाएकी बंद करणेही योग्य नसते. दोन्ही वर्गांना एकच भीती लावली, की साधे औषध उगाच टाळले जाते आणि धोक्याच्या औषधाविषयीची सावधगिरी बोथट होते.

सावकाश

मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) असून दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसोबत काम करतो. मूळ प्रश्न ‘कोणती कारणे रास्त’ असा आहे, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

आपण दिलेल्या उदाहरणांत दोन वेगळ्या जातीची कारणे मिसळली आहेत. प्रवास किंवा लांबलेली बैठक हे बाहेरचे, ठरावीक वेळेचे आणि खरोखर भार वाढवणारे कारण आहे. त्यासाठी घेतलेली गोळी नियोजनाचा भाग असू शकते. ‘आता दुखेल की काय’ ही धास्ती हे आतले कारण आहे, आणि त्याला शेवट नसतो. धास्तीपोटी घेतलेल्या गोळीनंतर दुखले नाही, तर मन असा धडा घेते की गोळीमुळेच वाचलो; दुखले, तर असा धडा घेते की आणखी लवकर घ्यायला हवी होती. दोन्ही बाजूंनी गोळीची गरजच सिद्ध होते. वेदनेतून येणारी भीती, भीतीतून टाळली जाणारी हालचाल आणि त्यातून वाढणारी वेदना, हे चक्र पाठदुखीच्या अभ्यासात चांगले ओळखले गेले आहे, आणि गोळी त्या चक्रात सहज ओवली जाते.

या भीतीला खतपाणी घालणारी एक गोष्ट आम्ही वारंवार पाहतो, ती म्हणजे एमआरआयच्या अहवालातील शब्द. ‘चकतीची झीज’ (चकती म्हणजे दोन मणक्यांमधील गादी) हे शब्द वाचल्यावर माणूस वाकताना, उचलताना, अगदी शिंकतानाही पाठ जपू लागतो, आणि पूर्वी न घेतलेल्या गोळ्या घेऊ लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. चकतीची झीज विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांत आढळली. म्हणजे वयानुसार केस पिकावेत तसा हा बदल असतो. अहवालातील ओळ ही गोळीचे कारण होऊ शकत नाही.

दुसरे एक कारण सुखाचे असते, म्हणून ते ओळखणे कठीण जाते. बऱ्या दिवशी माणूस राहिलेली सगळी कामे एका दमात उरकतो, दुखू लागले तर गोळी घेऊन पुढे रेटतो आणि पुढचे दिवस त्याची किंमत मोजतो. त्या दिवशी गोळीने दुखणे कमी केले हे खरे; पण तिने थांबण्याची खूणही झाकली. अशा वेळी मी रुग्णांना कामाचे तुकडे वेळेच्या मापाने पाडायला सांगतो, दुखण्यावरून नव्हे. वीस मिनिटे काम आणि मग उठून थोडे चालणे, दुखत असो वा नसो.

औषधाबाबतही हाच विचार जुना आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात काम करताना १९७० च्या दशकात असे मांडले की ‘दुखले की औषध’ या पद्धतीत आराम हे दुखण्याची तक्रार करण्याचे बक्षीस ठरते आणि ती जोडी घट्ट होत जाते; म्हणून काही रुग्णांना औषध ठरावीक वेळी द्यावे आणि त्याची मात्रा क्रमाने उतरवावी. हे प्रत्येकाला लागू नाही, आणि दाहशामक औषध कायम घड्याळावर घेत राहणे तर धोक्याचेच. त्यासाठी आजही कमीत कमी परिणामकारक मात्रा, कमीत कमी काळ हाच नियम आहे. तरीही ज्यांची वही फक्त धास्तीचा आलेख दाखवते, त्यांनी या पद्धतीविषयी डॉक्टरांशी बोलावे.

गोळी हे या उपचाराचे केंद्र नाही, हेही स्पष्ट लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत दुखण्याविषयीचे शिक्षण, व्यायाम, काही शारीरिक उपचार आणि मानसशास्त्रीय उपचार यांच्यासोबत दाहशामक औषधांना जागा आहे. अफूवर्गीय औषधे नित्याच्या उपचारात देऊ नयेत, असे म्हटले आहे. २०२३ मध्येच अचानक उद्भवलेल्या पाठ आणि मानदुखीवर ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, आणि त्यात अफूवर्गीय औषध सहा आठवड्यांनंतर नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

दक्षिणवारा

एक अपवाद नोंदवतो, कारण वरील चर्चा वाचून कोणी नियमित गोळी अचानक थांबवू नये. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा दाहजन्य संधिवात आहे. या आजारात दुखणे सहसा पंचेचाळिशीच्या आत आणि हळूहळू सुरू होते, रात्रीच्या उत्तरार्धात जाग येते, सकाळची ताठरता अर्ध्या तासाहून जास्त टिकते, आणि विश्रांतीने दुखणे वाढून हालचालीने कमी होते. यात दाहशामक औषध हा पहिल्या फळीचा उपचार असतो आणि आजार सक्रिय असताना ते नियमित घेण्यास सांगितले जाते. माझ्या बाबतीत ‘आज फारसे दुखत नाही, तर राहू दे’ हे कारण रास्त ठरत नाही. ज्यांची लक्षणे अशी आहेत आणि निदान झालेले नाही, त्यांनी संधिवाततज्ज्ञांना भेटावे.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. झोपेचा रकाना आजच आखला. ‘सावकाश’ यांनी केलेला बाहेरच्या आणि आतल्या कारणांचा भेद मला फार उपयोगी वाटला, पण प्रत्यक्षात तो इतका स्वच्छ राहत नाही. लांबच्या प्रवासाआधी मी गोळी घेते, तेव्हा भार खरा असतो आणि धास्तीही खरी असते. अशा वेळी काय करावे? आणि वहीत कारणाची नोंद करायची, तर ती कोणत्या क्षणी करावी?

सावकाश

नोंद गोळी घेण्याआधी करावी. नंतर लिहिलेले कारण आराम पडला की नाही यावरून रंगते. ‘आत्ता किती दुखते’, ‘पुढच्या चार तासांत मला काय करायचे आहे’ आणि ‘गोळी नसती तर मी काय केले असते’ या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे. तिसऱ्याचे उत्तर ‘मधे उतरून चाललो असतो’ किंवा ‘खुर्ची बदलून घेतली असती’ असे आले, तर आधी ते करून पाहावे. ‘गेलोच नसतो’ असे आले, तर डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत गोळी घेऊन जावे. धास्ती मिसळलेली असली, तरी प्रवास टाळण्यापेक्षा तो करणे पाठीसाठी हिताचे आहे. पुढे कधी तशाच, पण थोड्या लहान प्रवासाला गोळी सोबत ठेवून, न घेता निघून पाहा. जवळ असलेली गोळी न घेता दिवस गेला, तर धास्तीला तिचे उत्तर अनुभवातून मिळते. समजावून सांगितल्याने ते सहसा मिळत नाही.

तळटीप

प्रवासाआधीच घ्यायची ठरली, तर निघण्यापूर्वी तासभर आणि काही खाऊन घ्यावी, पुरेसे पाणी प्यावे, आणि उतरल्यावर दुखते म्हणून लगेच दुसरी घेऊ नये. पाकिटावरील दोन मात्रांमधील अंतर घड्याळ पाहून पाळावे. पहिली केव्हा घेतली, ती वेळ पाकिटावरच पेनने लिहून ठेवणे सर्वांत सोपे पडते.

एक गोष्ट या चर्चेत यायलाच हवी होती. मूत्र किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, पाठदुखीसोबत ताप असणे, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा मोठा मार लागलेला असणे, यांपैकी काहीही असेल तर गोळी घ्यावी की नाही याचा विचार करत बसू नये. पहिल्या तीन लक्षणांसाठी त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे. मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडील चेतातंतूंवर दाब आला असेल, तर शस्त्रक्रियेला उशीर झाल्याने कायमचे नुकसान होऊ शकते.